डब्यावरचा पत्ता

"हा केक कोणी बनवला?"

अन्न सुरक्षा अधिकारी मॅडम टुटी-फ्रुटी केकचा डबा उलटसुलट करून पाहत होत्या. सुभाषशेठ काउंटरच्या आत उभे होते. मी काउंटरच्या बाहेर, हातात तशाच अठरा डब्यांची पिशवी घेऊन. चार वर्षं दर मंगळवारी आणि शुक्रवारी मी पुसदच्या या दुकानात केक पोचवत होते. तरी सुभाषशेठ डब्याकडे पहिल्यांदाच पाहिल्यासारखे पाहत राहिले.

"घरगुती आहे, मॅडम."

"कोणाच्या घरचा?"

"घरचाच समजा न."

"मी समजायला नाही आले. नाव सांगा."

ड्रायफ्रूट घ्यायला आलेली दोन माणसं थांबून ऐकायला लागली. फुकटचा तमाशा कोणाला नको असतो? मी पिशवी खाली ठेवली आणि म्हणाले, "मी बनवते."

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं, मग पिशवीकडे, मग पुन्हा डब्याकडे. डब्यावर दोनच गोष्टी होत्या. 'होममेड' असं सोनेरी अक्षरात छापलेला बाजारातला तयार स्टिकर, आणि सुभाषशेठनी मारलेला किमतीचा स्टिकर. तो वाकडा होता. त्यांच्या दुकानात किमतीचा स्टिकर सरळ लागलेला मी कधी पाहिला नाही. स्टिकर मारायचं ते प्लास्टिकचं पिस्तूल हातात आलं की ते काजूवर एक कोपऱ्यात मारतात, बदामावर एक उलटा, मनुकांवर दोन. त्यात त्यांचा काही उद्देश नसतो.

"बनवणाऱ्याचं नाव नाही, पत्ता नाही, तारीख नाही, नंबर नाही," मॅडम म्हणाल्या. "पंधरा दिवस देते. रजिस्ट्रेशन आणि व्यवस्थित लेबल झालं नाही तर हा माल इथे दिसता कामा नये."

ज्यांनी आयुष्यात खाण्याची वस्तू फक्त खाल्ली आहे, विकली नाही, त्यांच्यासाठी थोडं सांगते. खाण्याचं काहीही बनवून विकायचं तर अन्न सुरक्षा खात्याचा नंबर लागतो. चौदा आकडी. बिस्किटाच्या पुड्यावर बारीक अक्षरात असतो, तो. मोठ्या कारखान्याला मिळतं ते लायसन आणि माझ्यासारख्या घरून करणारीला मिळतं ते रजिस्ट्रेशन. आमच्याकडे दोन्हीला लायसनच म्हणतात आणि दोन्हीला सारखंच घाबरतात.

मी टी-केक बनवते. म्हणजे क्रीम नसलेला, चहाबरोबर खायचा केक. शिवाय ज्वारीची बिस्किटं. सगळं बिनअंड्याचं. त्याआधी मी एका विनाअनुदानित शाळेत प्रयोगशाळा सहायक होते. विनाअनुदानित म्हणजे जिथे पगार सोडून सगळं वेळेवर होतं. शाळा सुटली, पण तिथलं मोजमापाचं वेड सुटलं नाही. मी सोडासुद्धा चमच्याने घेत नाही, काट्यावर घेते. आता एवढी काटेकोर बाई चार वर्षं लायसनशिवाय कशी राहिली, असं तुम्ही विचाराल. मॅडमनीही विचारलं. मी म्हणाले, आजवर कोणी विचारलं नाही. हे काही उत्तर नव्हतं. चूक माझीच होती आणि ती मी तिथे कबूल केली.

मॅडम गेल्यावर सुभाषशेठनी मला पाणी दिलं. काचेच्या ग्लासात, ते स्वतः पितात त्यातल्याच. ते माणूस म्हणून वाईट नाहीत, हे इथेच लिहून ठेवते. पुढे जागा मिळेल न मिळेल.

"ताई, तुमी टेन्शन कायले घेता?" ते म्हणाले. "लायसन आमच्या मिसेसच्या नावानं काढू."

"त्यांना केक येतो?"

"येत नाही. पण लायसन काढाले केक येणं कुठं लागते?"

"मग बनवणार कोण?"

"तुमीच. पैसेबी तुमचेच. जसं चालू हाय तसंच. फक्त नाव आन् पत्ता आमचा."

"माझा पत्ता काहून नाही?"

सुभाषशेठ काजूची बरणी उगाच सरळ करायला लागले. "मले काही नाही, ताई. आपल्याकडं तसं काही नाही. पण गिऱ्हाईक..."

गिऱ्हाईक ही फार सोयीची जात आहे. जे आपल्या तोंडून निघायला नको ते तिच्या तोंडी घालता येतं, आणि ती कधी समोर येऊन नाही म्हणत नाही.

आम्ही बौद्ध. आडनाव वानखडे. हे आडनाव आमच्यात आहे तसं कुणब्यांतही आहे, त्यामुळे नुसत्या आडनावावरून कोणाच्या पोटात दुखत नाही. सुभाषशेठनाही पहिली दोन वर्षं काही दुखलं नाही. मग एकदा माझी गाडी बंद पडली आणि केक आणायला त्यांनी ऑटो पाठवला. ऑटोवाल्याला सांगायला त्यांनी फोनवर माझा पत्ता विचारला. मी सांगितला, सिद्धार्थ नगर, बुद्ध विहाराजवळ. त्यानंतर काही म्हणजे काही बदललं नाही. फक्त तोवर ते गिऱ्हाइकाला सांगायचे, "एक ताई बनवून आणते." तिथून पुढे सांगायला लागले, "घरचाच आहे."

घरचा म्हणजे कोणाच्या घरचा, हे गिऱ्हाइकांनी आपापलं ठरवून घेतलं. दुकानात एक वकिलीणकाकू यायच्या. त्यांचे यजमान मोठे वकील होते, आता घरीच असतात. काकू एकदा माझ्यासमोर म्हणाल्या, "सुभाष, तुझ्या बायकोच्या हाताला चव आहे हो." सुभाषशेठ हसले. मीही हसले. केकला अंडं लागत नाही, पण असल्या हसण्याला बरीच तयारी लागते.

तर आता नव्या लेबलवर पूर्ण पत्ता येणार होता. अडचण मैद्यात नव्हती, त्या पत्त्यात होती. मी निघेपर्यंत सुभाषशेठनी एक प्लास्टिकची फाइल माझ्या हातात दिली. आत त्यांच्या मिसेसच्या आधारकार्डाची झेरॉक्स, दोन फोटो आणि घराचं लाइट बिल. सरकारी काम इतक्या लवकर झालेलं मी पुसदमध्ये पाहिलं नव्हतं.

घरी आल्यावर नवऱ्याला सांगितलं. तो एसटीच्या वर्कशॉपमध्ये मेकॅनिक आहे. त्याने सगळं ऐकलं आणि म्हणाला, "तुहं तू ठरव. मले तुहा केक लायसन नसताबी गोडच लागते." हा पाठिंबा होता की तटस्थता, हे लग्नाला बावीस वर्षं होऊनही मला कळत नाही.

खरं सांगायचं तर माझं जवळजवळ ठरलं होतं. मुलगी अमरावतीला होस्टेलवर. तिचा खर्च या केकवर चालतो. माझ्या केकचा मोठा भाग त्या एका दुकानातूनच जायचा, आणि पंधरा दिवसांनी तो बंद झाला तरी होस्टेलचं बिल थांबणार नव्हतं. नाव लागलं काय आणि नाही लागलं काय, नावाने पोट भरत नाही, असं मी स्वतःला बजावलं. मग आईला फोन केला. आई बोरी अरबला असते, माझ्या माहेरी.

"घे न मंग," आई म्हणाली. "काम त चालू राह्यते."

आई अंगणवाडीत मदतनीस होती. खिचडी शिजवायची. गावातली काही पोरं खिचडीच्या वेळेला घरून डबा आणायची आणि एका बाजूला बसून खायची. मी लहानपणी विचारलं होतं, ही पोरं खिचडी का खात नाहीत. आई म्हणाली होती, त्यांना आवडत नाही. मी बरीच मोठी होईपर्यंत हे खरं धरून चालले होते.

त्या दिवशी फोनवर पुन्हा विचारलं. "आई, ते पोट्टे खिचडी काहून खात नव्हते वं?"

"त्याईले आवडत नव्हती."

इतक्या वर्षांनी, रिटायर होऊन, पोरीलासुद्धा तेच उत्तर. मला राग आला. आईचा नाही. खिचडी चांगली व्हायची, मी रोज खाल्ली आहे.

दुसऱ्या दिवशी मी दोन फाइली घेऊन इरफानभाऊच्या ऑनलाइन सेंटरवर गेले. इरफानभाऊ आमच्या भागातले सगळे फॉर्म भरतात. पीकविमा, पॅनकार्ड, रेशन, शिष्यवृत्ती. तहसीलदारांना माहीत नसेल इतकं त्यांना लोकांच्या घरातलं माहीत असतं. त्यांनी आधी शेठजींची फाइल उघडली.

"केक कोन बनवते?"

"मी."

"कुठं?"

"माझ्या घरी."

"आन् आधार कोनाचं हाय हे?"

मी सांगितलं. इरफानभाऊंनी चष्मा काढून पुसला. "ताई, फॉर्ममध्ये पूछते का माल जिथं बनते तो पत्ता टाका. उद्या मॅडम चेकिंगले शेठच्या घरी गेल्या आन् तिथं ओव्हनच नाही, तर शेठाणी काय दाखवन? मिक्सर?"

"मग?"

"मंग काय. खोटं भरा लागन. खोट्याचा मी अलग चार्ज घेत नाही. पण खोटं भरतबी नाही."

मी बॅगेतून दुसरी फाइल काढली. माझं आधार, माझे फोटो, माझं लाइट बिल. ती मी कशासाठी आणली होती, असं तुम्ही विचाराल तर मला सांगता येणार नाही. ठरलेलं तर शेठजींच्या फाइलीचं होतं. पण घरून निघताना दोन्ही उचलल्या होत्या.

इरफानभाऊ भराभर टाइप करत गेले. धंद्याचं नाव, सुजाता होम बेक्स. सुजाता मीच. पदार्थ, केक आणि बिस्किटं. मग पत्त्याशी थांबले.

"लँडमार्क काय टाकू? तिकडं पाण्याची टाकी हाय न जवळच? टाकी टाकू?"

त्यांनी स्क्रीनकडे बघत विचारलं, माझ्याकडे नाही. त्यांच्या सेंटरवर बाहेर पाटी आहे, 'स्टार ऑनलाइन'. तिच्यावर किंवा आत, इरफान हे नाव कुठेच नाही. ते पाटीकडे मान करून म्हणाले, "मलेबी समजते, ताई."

"टाक्या दोन आहेत," मी म्हणाले. "पोस्टमन चुकते. विहारच लिहा."

त्यांनी लिहिलं. मग उगाचच प्रिंटरवर फडकं मारलं.

पुढची कामं सोपी होती, म्हणजे प्रत्येकाला चार चकरा होत्या. पाण्याची तपासणी करून आणायची. आमच्या भागात नळ येतो तेव्हा वर्दी देऊन येत नाही, त्यामुळे नमुन्याची बाटली धुऊन ठेवून नळाशेजारी तीन दिवस वाट पाहिली. मग मेडिकल सर्टिफिकेट, म्हणजे मला कुठला संसर्गाचा आजार नाही असं डॉक्टरने लिहून द्यायचं. डॉक्टर ओळखीचे. त्यांनी नाडी धरली आणि विचारलं, "ज्वारीची बिस्किटं आणली का?" आजार नाही असं ठरलं.

छोट्या रजिस्ट्रेशनला प्रत्येकाची तपासणी होतेच असं नाही. माझी झाली. मॅडम स्वतः आल्या. स्वयंपाकघरातली एकेक गोष्ट त्यांनी उघडून पाहिली. सिंकच्या खाली बॅटरी मारली. मैद्याच्या डब्यात हात घालून किडे शोधले. किडे निघाले नाहीत, तरी त्या खूश दिसल्या नाहीत.

"मांजर?"

"शेजारचं आहे."

"येतं का आत?"

"मला विचारून येत नाही."

"खिडकीला जाळी लावा. घरात मांसाहार होतो?"

"रविवारी. केकची भांडी वेगळी आहेत, कपाट वेगळं आहे. घासणीसुद्धा वेगळी आहे."

मॅडमनी घासणी पाहिली. प्रयोगशाळेत असताना मी बाटल्यांवर चिठ्ठ्या लावायचे, तशी घासणीच्या डब्यावरही चिठ्ठी होती, 'फक्त केक'. त्यांनी पहिल्यांदा मान डोलावली. या धंद्यात याला क्रॉस-कंटॅमिनेशन टाळणं म्हणतात. साध्या मराठीत, एका पातेल्यातलं दुसऱ्याला लागू न देणं. आपल्या देशाला हे शास्त्र हजारो वर्षांपासून येतं, फक्त ते पातेल्यांना लावायचं असतं हे नीट समजलेलं नाही.

मग त्यांनी लेबलचा कच्चा नमुना पाहिला. मी पत्ता अगदी बारीक अक्षरात टाकला होता. हो, मीच. एवढं विहार-विहार करून शेवटी अक्षर मीच बारीक केलं होतं. चार वर्षांची सवय होती.

"हे वाचता येत नाही," मॅडम म्हणाल्या. "बनवणाऱ्याचं नाव आणि पूर्ण पत्ता ठळक हवा. खाणाऱ्याला कळलं पाहिजे, कोणी बनवलंय आणि कुठे. आणि यावर दुसरं काही चिकटवून झाकायचं नाही. दुकानदाराला पण सांगून ठेवा."

"बरं."

जाताना दारात थांबून म्हणाल्या, "वास चांगला येतोय. पण रिपोर्टमध्ये तसा रकाना नसतो."

नंबर आला. चौदा आकडे. मी ते पाठ केले, कारण नसताना. लेबलं छापून घेतली. खाणाऱ्याला कळलं पाहिजे, हे आतापर्यंत मला गिऱ्हाइकाने, शेठजींनी किंवा आईने कधी सांगितलं नव्हतं. सरकारच्या एका फॉर्मने सांगितलं. ज्या फॉर्मला मी पंधरा दिवस शिव्या घालत होते, त्याच फॉर्मने.

मंगळवारी डबे घेऊन दुकानात गेले. सुभाषशेठच्या मिसेसची फाइल परत दिली. त्यांनी लेबल वाचलं. मग परत वाचलं.

"अक्षर जरा मोठं झालं, ताई."

"मॅडमनी सांगितलं."

"हो का." त्यांनी डबे ठेवून घेतले. मला वाटलं, झालं. उगाच घाबरत होते.

शुक्रवारी नवे डबे घेऊन गेले तर मंगळवारचे डबे कपाटात ओळीने लावलेले होते आणि प्रत्येकावर किमतीचा स्टिकर होता. सरळ. अगदी ओळंबा लावून मारल्यासारखा सरळ. सगळे एकाच जागी, पत्त्यावर. चार वर्षांत ज्या माणसाचा एक स्टिकर सरळ लागला नाही, त्याच्या हातून ओळीने असे स्टिकर लागलेले पाहून मला आधी कौतुकच वाटलं.

"शेठजी, हे काय?"

"मशीन तशी मारते, ताई."

"मशीन बदलली का?"

ते काही बोलायच्या आत वकिलीणकाकू आल्या. एक डबा उचलला. काकू तारीख पाहिल्याशिवाय काही घेत नाहीत. तारीख पत्त्याच्या खालीच होती आणि तिचा अर्धा भाग स्टिकरखाली गेला होता. काकूंनी नखाने स्टिकर सोलला. मग चष्मा वर करून वाचत गेल्या, आणि त्यांना मोठ्याने वाचायची सवय आहे.

"सुजाता होम बेक्स. सिद्धार्थ नगर. बुद्ध विहाराजवळ." त्यांनी वर पाहिलं. "अरे सुभाष, म्हणजे तुझी बायको नाही करत?"

सुभाषशेठ म्हणाले, "आता व्याप वाढला न, काकू..."

"मी करते, काकू," मी म्हणाले. "चार वर्षांपासून मीच करते."

काकूंनी माझ्याकडे पाहिलं. वाईट नजरेने नाही, हेही सांगते. चुकीच्या घरात शिरलेला माणूस पाहतो तसं पाहिलं. मग डबा होता त्या जागेवर ठेवला आणि म्हणाल्या, "असू दे आज. घरी आहे अजून." आणि गेल्या.

"शेठजी," मी म्हणाले, "पत्त्यावर काही चिकटवता येत नाही. मॅडमनी तुम्हालाही सांगायला सांगितलं आहे."

"पाह्यलं न तुमी आत्ताच? मी काहून लावत होतो, समजलं न?" त्यांचा आवाज खरोखर काकुळतीचा होता. "राहू द्या काही दिवस. तसाबी माल पडून हाय."

मी शुक्रवारचे अठरा डबे पिशवीत परत घातले आणि पिशवी गाडीला लावली.

पुढचे दोन महिने वाईट गेले. हे वाक्य मी सरळ लिहिते आहे, त्यात काही खोच नाही. मला वाईट वाटलं. वाढदिवसाच्या ऑर्डरी तेवढ्या चालू होत्या, पण मंगळवार आणि शुक्रवार रिकामे गेले. त्या दोन दिवशी ओव्हन पुसत बसायचे. रजिस्ट्रेशनचा कागद फ्रेम करून भिंतीवर लावला होता, नियमच आहे तसा, की तो दिसेल असा लावायचा. तो मला रोज दिसायचा. दोनतीनदा असंही वाटलं, की टाकी लिहिली असती तर काय बिघडलं असतं.

मग एका दुपारी फोन आला.

"सुजाता वानखडे का? मी वकिलीणकाकू. तुझा फोन नंबर त्या डब्यावर वाचला होता, लक्षात राहिला. अगं, तुझा केक कुठेच मिळत नाही."

"शेठजी ठेवत नाहीत आता."

"दुसरा एक आणून पाहिला. भुसा. यांनी तोंडात धरला आणि माझ्याकडे पाहिलं. मला एक किलो हवाय. फक्त एक कर. त्या डब्यात नको पाठवू. मी स्टीलचा डबा पाठवते, त्यात दे."

"का, काकू?"

"अगं, मला काही नाही. पण घरी चार माणसं येतात-जातात."

मला काही नाही असं म्हणणारे लोक आमच्या पुसदमध्ये इतके आहेत, की ज्यांना काही आहे ते नेमके कुठे राहतात याचा मला अजून शोध लागलेला नाही.

"काकू, लेबलशिवाय माल देता येत नाही," मी म्हणाले. "नियम आहे. लायसन जाते माझं."

हे मी जरा वाढवून सांगितलं. मॅडमनी माफ करावं.

"घरच्या घरी कोण पाहतंय?"

"मांजर येते तरी मॅडमना कळते, काकू."

पलीकडे कुकरची शिट्टी झाली. काकू म्हणाल्या, "बरं, ठेवते." गेली एक किलोची ऑर्डर, मी मनात म्हटलं. पण मला पुन्हा टाकी आठवली नाही.

दुसऱ्या दिवशी चारच्या सुमाराला दारात ऑटो थांबला. काकू उतरल्या. एकट्याच.

"सापडलं घर?"

"विहाराजवळ म्हटलं, त्याने सरळ आणून सोडलं." त्या दारातच उभ्या राहिल्या. मग गुडघ्याने दगा दिला आणि खुर्चीवर बसल्या. मी पाणी दिलं. प्यायल्या. माझं लक्ष नव्हतं असं मी म्हणणार नाही. भिंतीवरची फ्रेम त्यांनी अथपासून इतिपर्यंत मोठ्याने वाचली, चौदा आकड्यांसकट. घरात होते त्यातले अर्ध्या किलोचे दोन डबे मी दिले, लेबल लावून. त्यांनी ते पिशवीत ठेवले. लेबल वर होतं की खाली, हे मी पाहिलं नाही. म्हणजे पाहिलं. खाली होतं.

आठवडाभरात सुभाषशेठचा फोन. "ताई, वकिलीणकाकू माह्यासंग भांडून गेल्या. म्हने, वानखडेबाईचा केक ठेवत जा. दर वेळी विहारापर्यंत ऑटोचं भाडं कोन भरन?"

समतेचा विचार आमच्या गावात अशा रीतीने पोचला. ऑटोने.

मी दुसऱ्या छपाईची लेबलं घेऊन गेले. त्यात पत्ता होता तिथेच होता, तेवढाच ठळक. फक्त खालच्या कोपऱ्यात एक मोकळी चौकट वाढवली होती आणि तिच्यावर छापलं होतं, 'किंमत इथे'.

"हे काय?" शेठजींनी विचारलं.

"तुमच्या पिस्तुलासाठी जागा केली."

ते चौकटीकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "मंगळवारी अठरा डबे आना, वानखडेताई." चार वर्षं मी नुसती ताई होते.

सगळं गोड झालं असं समजू नका. खप थोडा कमीच झाला. पुसदमधल्या काही घरांत त्या वर्षी अचानक साखर वर्ज्य झाली. डायबिटीस फार वाढला म्हणे. काही नवी गिऱ्हाइकं लेबल वाचून मुद्दाम आली, हेही खरं. हिशेब जेमतेम बरोबरीत सुटला.

एक डबा मी बोरी अरबला पाठवला. आईने केक खाल्ला आणि रिकाम्या डब्यात हळद भरून ठेवली. फोनवर म्हणाली, "नाव लय मोठ्ठं लिवलं वं."

"लिहा लागते, आई."

"बरं हाय." मग हळदीच्या डब्याचं झाकण लावल्याचा आवाज आला. तेवढ्यात म्हणाली, "खिचडी चांगलीच व्हायची माही."

आता घरून धंदा करू पाहणाऱ्या बायका मला विचारतात, लायसनला काय काय लागतं. मी सांगते: आधार, फोटो, पाण्याचा रिपोर्ट, डॉक्टरचा कागद, खिडकीला जाळी. आणि लँडमार्क खरा लिहा. ज्याला यायचंय तो चुकत नाही, आणि ज्याला यायचं नाही त्याची वाट पाहण्यात आपला वेळ जात नाही.

परवा दुकानात गेले होते. सुभाषशेठचा एकही स्टिकर चौकटीत नव्हता. एक तिरपा, एक उलटा, एक झाकणावर. वाकडे लागतायत. म्हणजे सध्या तरी ठीक चाललं आहे.